वैशाखातला आठवडी बाजार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. या दिवसांत बाजारहाटाबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावचा आठवडी बाजार दहाला भरतो आणि दुपारनंतर रंगात येतो. मेथी-कोथिंबीर घरी येईपर्यंत माना टाकते, दुसऱ्या दिवशी काळी पडते. घेताना चुकतं की ठेवताना? (वाचक, सेलू)

बहुतेक वेळा दोन्हीकडे चुकतं, आणि त्याहून जास्त मधल्या रस्त्यात. भाजी उपटली की मुळाकडून येणारं पाणी थांबतं, पण पानातून हवेत जाणारं पाणी थांबत नाही. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यात दुपारी झळा सुटलेल्या. अशा हवेत उघड्यावर ठेवलेली जुडी तासा-दोन तासांत मान टाकते.

सुकलेली भाजी आणि सडायला लागलेली भाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्या. सुकलेली परत टवटवीत होते, सडलेली होत नाही. ओळखायचं असं : जुडी जिथे बांधलेली असते तिथे दोन बोटं आत घाला. आत गार लागलं तर भाजी चांगली. कोमट आणि चिकट लागलं, तर वरून कितीही हिरवीगार दिसो, आतून कुजायला सुरुवात झालेली आहे. घट्ट बांधलेल्या ओल्या जुडीत पानांची स्वतःची ऊब कोंडते, त्यामुळे नास नेहमी मधून सुरू होतो. विक्रेते भाजीवर वारंवार पाणी मारतात त्यात फसवणूक नसते, नाहीतर भाजी तासभरही टिकणार नाही. पण दहा वेळा पाणी खाल्लेली जुडी वरून ताजी दिसते, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. दुसरी खूण देठाची. पानं लोंबत आहेत पण देठ ताठ आहे, अशी भाजी गार पाण्यात देठ बुडवून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवली की उभी राहते. देठच लोळत असेल तर घेऊ नका.

आता रस्ता. घरून निघताना जुन्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा दीड-दोन हात तुकडा भिजवून, घट्ट पिळून पिशवीत ठेवा. पालेभाजी सगळ्यांत शेवटी घ्यायची, त्या कापडात सैल गुंडाळायची आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवायची. कोरड्या हवेत कापडातलं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. कापड मात्र पिळलेलंच हवं, निथळतं नको. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणलेली मेथी उन्हात स्वतःच्याच वाफेवर उकडते. तिच्यापेक्षा उघडी आणलेली बरी.

घरी आल्यावर लगेच धुऊ नका. जुडी सोडा, पिवळी आणि चुरगळलेली पानं काढा, दहा मिनिटं पंख्याखाली पसरू द्या आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. मेथी तीन-चार दिवस नीट राहते. कोथिंबीर मुळांसकट घेतली असेल तर पेल्यात दोन बोटं पाणी घालून त्यात उभी करा, पाणी रोज बदला.

आणखी एक सुचवावंसं वाटतं. भर उन्हाळ्यात मेथीच्या मागे लागू नका. मेथी आणि कोथिंबीर थंडीची पिकं. उन्हात ती लवकर फुलावर येतात, पान राठ होतं, आणि जी चांगली असते ती महाग असते. घोळ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी या भाज्या उष्ण हवा चांगली सोसतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर घोळीची पातळ भाजी किंवा अंबाडीची कण्या घातलेली भाजी हा आपला उन्हाळ्याचाच स्वयंपाक आहे, आणि शेताच्या बांधावरून आणून विकणाऱ्या बायांकडे या भाज्या स्वस्त मिळतात.

प्रश्न : उन्हाळ्यात काकडी इतकी कडू का निघते? दुधीही एकदा कडू निघाला, शिजवून खाल्ला तर चालतो का? (वाचक, गंगाखेड)

कडू दुधी अजिबात खाऊ नका, शिजवूनही नाही. काकडी, दुधी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. उन्हाचा ताण, पाण्याची ओढ किंवा बियाण्यातला दोष यांमुळे ती वाढतात आणि शिजवल्याने जात नाहीत. कडू दुधीच्या रसाने जोराच्या उलट्या, पोटात रक्तस्राव आणि क्वचित मृत्यूही झालेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये याबाबत इशारा दिला होता. दुधी चिरायला घेतला की आधी देठाकडची छोटी चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या आणि चूळ भरा. पैसे गेले तरी चालतील. खाल्ल्यावर उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.

काकडीत कडूपणा बहुधा देठाच्या टोकाला आणि सालीलगत साठतो. देठाकडचा दोन बोटं तुकडा कापून टाकला आणि साल काढली की बहुतेक काकड्या खाण्याजोग्या होतात. तरीही कडू लागली तर फेकायचीच. बाजारात मध्ये फुगलेली, पिवळट झाक आलेली काकडी टाळा. वाळूक घेतलं तर तेही चाखूनच घ्या, विक्रेते फोड कापून देतात.

प्रश्न : केसर आंबा पिवळाधमक दिसतो म्हणून घेतला, आतून आंबट आणि कडक निघाला. कार्बाइडचा आंबा बाजारात ओळखायचा कसा? की कच्चाच आणून घरी पिकवावा? (वाचक, अंबाजोगाई)

कच्चा आणून घरी पिकवणं हेच आमचं उत्तर. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि तो मे महिन्यात आपल्याच बाजारात येतो. पिकवायची घाई व्यापाऱ्याला असते, आपल्याला नसते.

आधी कार्बाइडचं. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या आंब्यात ठेवल्या की हवेतल्या ओलाव्याने त्यातून असिटिलीन वायू निघतो. त्याने साल भराभर पिवळी होते, पण आतला गर त्या वेगाने पिकत नाही. बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, खरा धोका त्यांचा. अशी पेटी उघडताना लसणासारखा उग्र वास येतो. देशभर लागू असलेल्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. फळ स्वतःही हाच वायू सोडून पिकतं. म्हणजे पिकवणगृहातला प्रत्येक आंबा वाईट, असं समजू नका.

बाजारात या गोष्टी बघा : सगळी पेटी एकाच रंगाची, एकसारखी पिवळी असेल तर शंका घ्या. नैसर्गिक पिकलेल्या पेटीत चार फळं पुढे, चार मागे असतातच. देठाजवळ नाक न्या, पिकल्या आंब्याला तिथे वास हवा. रंग आहे आणि वास नाही, असं फळ सोडा. पुडी दिसली किंवा फळांवर करडी भुकटी दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

घरी पिकवायला फळ पाडाचं हवं, कोवळं नको. पाडाच्या केसरचे खांदे भरलेले आणि देठाच्या वर उचललेले असतात, देठ किंचित खळग्यात बसलेला दिसतो. घरी आणल्यावर बादलीभर पाण्यात सोडा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तरंगलेली फळं वेगळी काढून पन्ह्याला किंवा कैरीच्या कायरसाला वापरा, अढीत घातली तर ती सुरकुततील, पिकणार नाहीत. याच पाण्यात अर्धा तास राहू दिली की सालीवरचा चीक निघतो. हा चीक राहिला तर साल काळी पडते. देठ अगदी मुळातून तोडलेलं फळ शक्यतो घेऊ नका. बोटाच्या पेराएवढा देठ राहिलेला असेल तर चीक सालीवर ओघळत नाही.

मग फळं कोरडी पुसा. घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, जमिनीवर चार बोटं भाताचं तणस किंवा वाळलेलं गवत पसरा. त्यावर देठाची बाजू खाली करून फळं एकमेकांना न चिकटवता मांडा, वर गवत, मग दुसरा थर. तीनपेक्षा जास्त थर नकोत. तिसऱ्या दिवसापासून रोज वरखाली करून बघा आणि डाग धरलेलं फळ लगेच काढा. साधारण सहा ते आठ दिवसांत आंबा तयार होतो. गवत मिळालं नाही तर पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदात गुंडाळून, मध्ये दोन पिकलेली केळी ठेवूनही काम होतं.

उन्हाळ्यात इथे हमखास एक चूक होते. अढी पत्र्याच्या खोलीत किंवा माळवदाच्या वरच्या खोलीत घातली जाते, कारण 'ऊब हवी' असं सांगितलेलं असतं. आंब्याला वीस-पंचवीस अंशांची ऊब हवी, चाळिसाची नाही. पस्तीसच्या वर फळ मऊ पडतं पण रंग धरत नाही, आणि रसाला आंबूस वास येतो. मे महिन्यात अढीला ऊब द्यायची गरजच नसते, वारा द्यावा लागतो.

रसासाठी गावरान आंबा मिळाला तर जरूर घ्या. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोट्या अशा नावांची झाडं बांधाबांधावर होती, आता कमी होत चालली आहेत. घेणारं गिऱ्हाईक असेल तर शेतकरी ती झाडं राखेल. गावरान आंबा एक चोखून बघितल्याशिवाय घेऊ नका, दोन झाडांचा आंबा सारखा नसतो.

प्रश्न : टरबूज कापल्याशिवाय गोड आहे हे कसं कळेल? (वाचक, भोकरदन)

टरबूज उलटं करा. जमिनीवर टेकलेल्या भागाचा डाग लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलावर पिकलेलं, पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर लवकर तोडलेलं. दोन सारख्या आकाराची उचलून जड ते घ्या. थापटल्यावर आवाज घुमणारा, भरीव हवा. टरबूज तोडल्यावर गोडी वाढत नाही, त्यामुळे कच्चं आणून ठेवून उपयोग नाही. उन्हात तापलेलं फळ लगेच कापू नका, ओल्या पोत्याखाली रात्रभर गार होऊ द्या. रस्त्यावर कापून ठेवलेली फोड मात्र या उन्हात टाळाच. बत्तीस अंशांच्या वर कापलेलं फळ तासाभराहून जास्त बाहेर राहिलं की त्यात जंतू वेगाने वाढतात.

प्रश्न : वजनात मारतात अशी शंका येते, पण भांडण नको वाटतं. (वाचक, उदगीर)

भांडायची गरज नाही. एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली सोबत ठेवा, तशीही उन्हात लागतेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात बाटलीचे वीस-तीस ग्रॅम. 'जरा ही ठेवून बघता का' म्हणून काट्यावर ठेवा. आकडा एक किलो वीस-तीस ग्रॅमच्या आसपास आला तर काटा ठीक. नऊशे किंवा अकराशे दाखवत असेल तर पुढच्या दुकानावर जा. शंभर ग्रॅम वाढवून दाखवणारा काटा तुम्हाला दर किलोमागे जवळपास तेवढा कमी माल देतो.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का बघा. टोपली ठेवून तोलत असतील तर टोपली ठेवल्यावर शून्य करायला सांगा. दगड किंवा बिनछापाचं वजन वापरणं कायद्याने चालत नाही. व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते आणि त्याची मोहोर काट्यावर असते. लिंबं, शेवग्याच्या शेंगा, वाट्यावर मांडलेली वांगी यांना मात्र वजनाचा हट्ट धरू नका. वाटा उचलून खालची फळं बघितली की पुरे. दोन वाट्यांसाठी सहा कोस चालत आलेल्या म्हातारीकडे तोलून मागण्यात काही मिळत नाही.

प्रश्न : वर्षाचं भरण्यासाठी बाजारातून काय घ्यावं आणि कशात फसायला होतं? (वाचक, वसमत)

हळद, मिरची, चिंच, कांदा हे चारही या दिवसांत घेतले तर वर्ष निघतं. क्रमाने नाही, जिथे फसायला जास्त होतं तिथून सुरू करू.

कांदा. साठवायला फक्त उन्हाळी कांदा घ्यायचा, एप्रिल-मेमध्ये काढलेला. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. मध्यम आकाराचा, मान बारीक आणि पूर्ण वाळलेली, अंगावर दोन-तीन कोरड्या पापुद्र्यांचा असा निवडा. जाड मानेचा, जोड आणि डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) कांदा आधी सडतो आणि शेजारच्यांना सडवतो. एन २-४-१ सारख्या जातीचा कांदा नीट सुकवलेला असेल तर पाच-सहा महिने राहतो. बाजारात दिवसभर उन्हात पडलेल्या गोणीतला वरचा कांदा दाबून बघा. उन्हाने भाजला असेल तर पापुद्र्याखाली मऊ, ओलसर लागतो. तो आठवड्यात कुजणार. घरी गोणीतून काढून बाजेवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर, फूट-दीड फुटापेक्षा उंच ढीग न करता, खालून वारा जाईल असा पसरा. बटाट्याशेजारी ठेवू नका.

हळद तर तुमच्याच गावची, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हळकुंड मोडून बघा. चांगलं वाळलेलं खणकन मोडतं आणि आत गर्द नारिंगी दिसतं. लवलं तर ओलं आहे, त्याला कीड आणि बुरशी दोन्ही लागतील. वरून फार चकचकीत पिवळं हळकुंड असेल तर ते पेलाभर गार पाण्यात न ढवळता ठेवा. पाणी लगेच पिवळंजर्द झालं तर वरून रंग चढवलेला आहे.

मिरची हलवल्यावर आतलं बी खुळखुळलं पाहिजे. पांढरे चट्टे असलेली मिरची स्वस्त असते, पण तिखटाचा रंग घालवते. देठासकटच घ्या. देठ काढलेल्या मिरचीत ओलावा शिरतो. दळायला नेण्याआधी देठ काढा आणि दोन कडक उन्हं द्या.

चिंच नवी असेल तर तांबूस आणि लवचिक असते, जुनी काळी पडते. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही मानांकन आहे, मिळाली तर घ्या. घरी चिंचोके आणि शिरा काढून दोन उन्हं द्या, किलोला साधारण १०० ग्रॅम जाडं मीठ लावून गोळे करा आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. स्टीलच्या किंवा पितळेच्या भांड्यात नको, मीठ आणि आंबट मिळून भांडं खातात.

प्रश्न : गावात वीज जाते, फ्रिजचा भरवसा नाही. आठवड्याचा बाजार आठवडाभर टिकवायचा कसा? (वाचक, औंढा नागनाथ)

यासाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष आहे, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेला. सावलीत, वारा खेळेल अशा जागी विटांचा एक थर अंथरा. त्यावर चारही बाजूंनी, एकीच्या आत एक अशा विटांच्या दोन भिंती उभ्या करा, दोन्हींमध्ये साडेसात सेंटीमीटरची, म्हणजे चार बोटं, फट ठेवा. फट वाळूने भरा. वर तट्ट्याचं किंवा पोत्याचं झाकण. मूळ नमुना बाहेरून १६५ सेंमी लांब, ११५ सेंमी रुंद आणि ६७.५ सेंमी उंच असतो आणि त्यात क्विंटलभर माल राहतो. घरासाठी त्याच्या चौथाईने भागतं. विटा आणि वाळू आधी पूर्ण भिजवा, मग सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहतं. हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो, त्यामुळे आपल्या भागाला जणू मापाने शिवलेला आहे. पाणी टंचाईच्या गावात भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणीही चालतं.

भाजी टोपल्यांत भरून ठेवा, विटांना टेकवू नका. भेंडी, गवार, वांगी, दोडका यांना इथे चांगलं मानवतं. कांदा-लसूण चुकूनही ठेवू नका, ओलाव्याने कोंब फुटतात. इतकंही जमत नसेल तर मोठ्या परातीत ओली वाळू, त्यावर मातीचं मडकं, आत भाजी आणि मडक्याच्या तोंडावर ओलं फडकं. दोन-तीन दिवस नक्की निघतात.

प्रश्न : गेल्या बाजारी शेजारच्या काकू भर दुपारी चक्कर येऊन पडल्या. अशा वेळी काय करावं? (वाचक, परतूर)

आधी सावलीत न्या, झोपवा, पाय थोडे उंच करा. शुद्धीवर असतील आणि घाम येत असेल तर घोट घोट पाणी द्या. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण बदलू नका, जास्त मीठ घातक असतं.

अंग भाजल्यासारखं तापलेलं आहे, बोलणं असंबद्ध आहे, झटके येत आहेत किंवा शुद्ध हरपली आहे, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. अंगभर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा, सतत वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

बाजाराला सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर जा. निघण्याआधी दोन पेले पाणी पिऊन निघा, उपाशी जाऊ नका. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी दुपारचा बाजार टाळावा. संध्याकाळी उतरत्या बाजारात कांदा, बटाटा, भोपळा, शेवगा, लिंबू स्वस्तात मिळतात आणि दिवसभराच्या उन्हाने त्यांचं फारसं बिघडत नाही. पालेभाजी तेवढी सकाळी घ्या, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला सकाळीच पाठवा.